आधी कागद, मग होडी?

२४ ऑगस्ट २०१७. हार्वी नावाचं वादळ मेक्सिकोच्या आखातातून टेक्ससकडे निघालेलं. सगळे सांगतायत, किनारा सोडा. दक्षिण टोकाच्या रिओ ग्रान्दे खोऱ्यातून उत्तरेला पळायचं तर मुख्य महामार्ग दोन. दोन्हींवर सीमा गस्ती दलाचे कायमचे नाके. एक फाल्फुरियसला, दुसरा सरीटाला.

त्याच दिवशी दलाने जाहीर केलं, नाके चालू राहतील. प्रवाशांच्या किंवा आमच्या माणसांच्या जिवाला धोका निर्माण झाला तरच बंद करू.

मागे समुद्र, पुढे नाका. ज्याच्यापाशी कागद नाहीत, त्याने जायचं कुठे?

वादळ त्या खोऱ्यावर न जाता वर रॉकपोर्टला धडकलं. खोऱ्यातली माणसं नशिबाने वाचली. नशिबावर चालणाऱ्या गोष्टीला आपत्तीची तयारी म्हणत नाहीत.

त्याच सुमारास त्याच सरकारचं दुसरं निवेदन आलं. निवारा केंद्रांत, अन्नवाटपाच्या जागी आम्ही नेहमीची धरपकड करणार नाही, निर्धास्त या. आता मला सांगा, पोरं काखेला मारून अंधारात उभ्या असलेल्या बाईने यातलं कुठलं निवेदन खरं धरायचं? पहिलं की दुसरं?

तिने कुठलंच धरलं नाही. ती घरात थांबली.

आणि तीच खरी अडचण आहे. पुराच्या रात्री घरात थांबलेला माणूस सरकारच्या हिशेबात नसतो. पाणी छातीला लागलं की तो छपरावर चढतो. मग त्याला काढायला होडी पाठवावी लागते आणि होडीत बसलेल्या जवानाचा जीव टांगणीला लागतो. त्या जवानाकडे कागद असतात, हे कुणी लक्षात घेतं का?

ह्यूस्टन आणि आसपास तेव्हा कागद नसलेली माणसं किती होती? प्यू या संशोधन संस्थेचा अंदाज पाच लाखांच्या वरचा. म्हणजे आपलं सांगली-मिरज-कुपवाड अख्खं. २०१९ साली सांगलीत कृष्णा शिरली तेव्हा होडीवाल्याने कुणाला आधार कार्ड विचारलं होतं का? हात पुढे आला की ओढून घ्यायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं.

ह्यूस्टनच्या महापौरांनाही ते ठाऊक होतं. सिल्व्हेस्टर टर्नर हे पेशाने वकील. त्यांनी शहराला सांगितलं, मदत मागायला या, आणि त्यापायी तुम्हाला कुणी देशाबाहेर काढायला निघालं तर तुमचं वकीलपत्र मी स्वतः घेईन. पुरात असं बोलायला छाती लागते.

पण तेच टेक्सस राज्य त्याच आठवड्यात काय करत होतं? स्थानिक पोलिसांना माणसाची स्थलांतराची स्थिती विचारायची मुभा देणारा नवा कायदा १ सप्टेंबरपासून लागू व्हायचा होता. सॅन अँटोनियोतले संघीय न्यायाधीश ऑर्लांडो गार्सिया यांनी ३० ऑगस्टला त्याची बरीचशी कलमं रोखून धरली. ३० ऑगस्टला ह्यूस्टनमध्ये होड्या अजून रस्त्यांवर फिरत होत्या.

होडीत बसवणारा पोलीस आणि कागद विचारणारा पोलीस एकच असेल, तर होडीत चढणार कोण?

पुढे कैसर फॅमिली फाउंडेशन आणि एपिस्कोपल हेल्थ फाउंडेशनने वादळग्रस्तांची पाहणी केली. घराचं नुकसान झालेल्या स्थलांतरितांपैकी जवळपास निम्म्या लोकांना एकच धास्ती होती. मदत मागितली की आपल्याकडे किंवा घरातल्या कुणाकडे सरकारचं लक्ष जाईल. घर गेलेलं, कामधंदा गेलेला, आणि तरी माणूस मदतीच्या रांगेकडे पाठ फिरवतो. यातून भीतीची खोली किती, ते समजून घ्या.

त्याच पुरात ह्यूस्टन विद्यापीठातले सुमारे २०० भारतीय विद्यार्थी अडकले होते. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी स्वतः ट्वीट केलं, वाणिज्य दूतावास धावला, अन्न पोहोचलं. फार चांगलं झालं. आपल्या मुलांसाठी देशाने असंच धावावं.

त्यांच्यापासून दोन मैलांवर अडकलेल्या बिनकागदी गवंड्यासाठी कुठल्या देशाने ट्वीट करायचं?

माझी मावसबहीण ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहते. धरणातून पाणी सोडलं तेव्हा तिच्या घरात कमरेएवढं पाणी आलं. तिचं पहिलं बोलणं अजून कानात आहे. म्हणाली, "अरे, इथल्या भिंती विटांच्या नसतातच. आत कापसासारखं भरण असतं. ते पाणी पितं." पाणी ओसरल्यावर भिंतीचा तक्ता जमिनीपासून चार फुटांपर्यंत कापून काढावा लागतो, आतला भिजलेला कापूस हातांनी उपसावा लागतो. दोन-तीन दिवस उशीर झाला की बुरशी धरते आणि मग घर राहण्यालायक उरत नाही.

विमा कंपनीचा माणूस येईना, ठेकेदार फोन उचलेना. शेवटी तिचा नवरा हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाबाहेर गेला. तिथे पहाटे पहाटे माणसं उभी असतात, आपल्या ठाण्या-कल्याणच्या मजूर नाक्यावर असतात तशीच. चार जण आले. संध्याकाळपर्यंत त्यांनी घर मोकळं केलं. कुबट वासाचे कापसाचे लगदे काळ्या पिशव्यांत भरून फुटपाथवर रचले. त्यांच्या तोंडाला मास्क नव्हता. बहिणीने ओढणी फाडून दिली.

त्यातल्या एकाला तिने विचारलं, पुराच्या दिवसांत कुठे होतास? तो म्हणाला, घरीच, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे, बायको आणि तीन मुलांसह. शहराचं कन्व्हेन्शन सेंटर उघडं होतं, दहा हजार माणसं तिथे होती, खाणं होतं, डॉक्टर होते. का नाही गेलास? तो फक्त मान हलवून हसला आणि पुन्हा भिंत कापायला लागला.

दुसऱ्याचं घर बुरशीपासून वाचवायला तो हवा होता. त्याची मुलं पाण्यापासून वाचावीत, याची सोय मात्र त्याला भरवशाची वाटत नव्हती.

हे नवं नाही. बारा वर्षं मागे जा.

ऑगस्ट २००५, कतरिना. न्यू ऑर्लीन्स बुडालं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने जाहीर केलं, ४५ दिवस आम्ही मालकांवर कागद न तपासल्याबद्दल कारवाई करणार नाही. सांगितलेलं कारण असं की वादळात लोकांची ओळखपत्रं वाहून गेली आहेत. कारण खरंच होतं. पण ठेकेदाराने त्यातून काय ऐकलं? विचारू नका, घ्या माणसं. त्याच आठवड्यात अध्यक्ष बुश यांनी सरकारी बांधकामावर त्या भागातल्या चालू दराने मजुरी देण्याचा नियमही तात्पुरता उचलला. तो परत लागू व्हायला नोव्हेंबर उजाडला.

मजूर आले. होंडुरासमधून, मेक्सिकोतून, टेक्ससमधून. टुलेन आणि बर्कली या विद्यापीठांच्या अभ्यासकांनी पुढच्या वर्षी पाहणी केली, तेव्हा शहर उभं करणाऱ्या मजुरांत जवळपास एक चतुर्थांश कागद नसलेले निघाले. पडक्या घरांत, मोटारींत, तंबूंत ते झोपत. बुरशी त्यांनीच खरवडली, छपरं त्यांनीच घातली. कित्येकांची मजुरी बुडाली. तक्रार कुणाकडे करणार?

संकट आलं की कागदाची अट सुटते, पण कुणासाठी? काम करवून घेणाऱ्यासाठी. निवारा मागणाऱ्यासाठी ती होती तिथेच राहते.

यात एक पान आपलंही आहे, आणि ते मराठी वाचकाने वाचायलाच हवं. कतरिना आणि रीटा या वादळांनी आखातातल्या तेलविहिरींचे सांगाडे मोडले. दुरुस्तीसाठी सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि फिटर नेले. भरतीची कचेरी मुंबईत. ग्रीन कार्ड मिळेल हे आश्वासन. त्यापायी प्रत्येकाने दहा ते वीस हजार डॉलर मोजले. कुणी जमीन विकली, कुणी बायकोचे दागिने. मिसिसिपीतल्या पास्कागुला इथे पोहोचल्यावर एकेका ट्रेलरमध्ये चोवीस माणसं आणि त्या खाटेचं भाडं महिन्याला १,०५० डॉलर, थेट पगारातून कापलेलं.

व्हिसा होता. शिक्का होता. सगळे कागद चोख होते.

पण तो व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला. मालक सोडला की व्हिसा संपला. मार्च २००८मध्ये त्यांच्यातल्या शंभरएक जणांनी कंपनीच्या फाटकाबाहेर हेल्मेटं फेकली आणि ते बाहेर पडले. फाटकाच्या आत होते तोवर कायदेशीर. बाहेर पाऊल टाकलं आणि बिनकागदी झाले. साकेत सोनी नावाच्या भारतीय वंशाच्या संघटकाबरोबर ते न्यू ऑर्लीन्सहून वॉशिंग्टनला निघाले, तिथे उपोषणाला बसले. २०१५मध्ये ज्यूरीने पहिल्या पाच जणांना एक कोटी चाळीस लाख डॉलर मंजूर केले. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि बाकीच्यांशी दोन कोटींची तडजोड झाली.

तेव्हा "बेकायदा माणूस" हा शब्द तोंडात आला की त्या फाटकाची आठवण ठेवा. माणूस तोच, हात तेच, वेल्डिंगही तेच. बदलली ती फाटकाची बाजू.

"पण कायदा मोडून आलेल्यांवर आमचा पैसा का?" हा प्रश्न नेहमी येतो. येऊ दे. प्रश्न रास्त आहे, उत्तर लोकांना माहीत नसतं एवढंच.

अमेरिकेत फेमा ही आपत्ती निवारण संस्था कागद नसलेल्या माणसाला रोख मदत देतच नाही. पाणी, जेवण, छप्पर, औषध एवढं तातडीचं मिळतं. घरात एखादं मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर त्याच्या नावाने घरासाठी अर्ज करता येतो. पण फॉर्मवर लिहिलेलं असतं की ही माहिती गृहसुरक्षा खात्यातल्या इतरांना दिली जाऊ शकते. २००३पासून फेमा त्याच खात्यात आहे. स्थलांतरितांना पकडणारं आइसही त्याच खात्यात.

ब्लँकेट देणारं आणि बेडी घालणारं, दोघांचं बिऱ्हाड एका छपराखाली. आई फॉर्म भरेल का?

आणि तरी सप्टेंबर २०२४मध्ये हेलिन वादळ नॉर्थ कॅरोलायनाचे डोंगर फोडून गेलं, तेव्हा प्रचारसभांतून काय सांगितलं गेलं? फेमाचा पैसा घुसखोरांवर उडवला, म्हणून तुम्हाला मिळत नाही. खरं काय होतं? स्थलांतरितांच्या निवाऱ्यासाठी शहरांना द्यायचे सुमारे ६४ कोटी डॉलर काँग्रेसने वेगळे मंजूर केले होते. आपत्ती निधीची थैली वेगळी. एका थैलीतून दुसरीत पैसा गेलेला नव्हता. पण डोंगरात चिखलात बसलेल्या माणसापर्यंत थैलीचा हिशेब पोहोचत नाही, अफवा पोहोचते. काही जणांनी त्यापायी फेमाकडे अर्जच केला नसेल, तर ते नुकसान कागदवाल्यांचं झालं.

खोटं बोलून भिंत घुसखोराभोवती बांधायला जावं, तर आत आपलाच शेजारी सापडतो.

फ्लोरिडात इर्मा वादळाच्या तोंडावर पोक काउंटीचे शेरीफ ग्रेडी जड यांनी ट्वीट केलं होतं, निवाऱ्याच्या दारात ओळखपत्रं तपासू, वॉरंट असलेल्याला तुरुंगात नेऊ. ते बोलत होते फरार गुन्हेगारांबद्दल. ऐकलं कुणी? ज्यांच्याकडे दाखवायला ओळखपत्रच नाही अशा प्रत्येकाने. दारात पोलीस उभा आहे आणि तो काहीतरी तपासतो आहे, एवढंच घबराटीत माणसाला समजतं. वॉरंटचं पोटकलम कोण वाचत बसतो?

भाषेचं तर विचारूच नका. टेक्ससमधल्या सारागोसा या छोट्या वस्तीत २२ मे १९८७च्या संध्याकाळी टोर्नेडो शिरला. गावातली बहुतेक माणसं स्पॅनिश बोलणारी. कित्येक घरांत दूरच्या स्टेशनचा स्पॅनिश टीव्ही लागलेला, त्यावर स्थानिक इशारा नव्हताच. पोरांच्या बालवर्गाचा निरोप समारंभ चालू होता. ३० माणसं गेली, त्यातली २२ त्या सभागृहात.

धडा घेतला? तीस वर्षांनी डिसेंबर २०१७मध्ये कॅलिफोर्नियाच्या व्हेंचुरा काउंटीत थॉमस वणवा पेटला. सुरुवातीची बरीच माहिती इंग्रजीत. शेतात स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांपैकी अनेकांना स्पॅनिशही धड येत नाही, त्यांची भाषा मिश्तेको. आकाश तांबडं, राख अंगावर पडतेय आणि ते वाकून स्ट्रॉबेरी तोडतायत. मास्क वाटले ते स्वयंसेवी संस्थांनी, शेजारपाजाऱ्यांनी. दोन वर्षांनी राज्याच्याच लेखापरीक्षकांनी लिहून दिलं, व्हेंचुरासकट तीन काउंटींची तयारी अशा माणसांना वाचवण्याइतकी नव्हती.

आणि एप्रिल २०२५मध्ये? राष्ट्रीय हवामान सेवेचा भाषांतराचा करार संपला आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांतले इशारे काही आठवडे बंद पडले. पुन्हा सुरू झाले खरे. पण वादळाने त्या आठवड्यांत सुट्टी घ्यायचं कबूल केलं होतं का?

न्यूयॉर्कचं उदाहरण तर आपल्या चाळकऱ्याला पटकन कळेल. १ सप्टेंबर २०२१ची रात्र. इडा वादळाचा उरलासुरला ढग शहरावर आला, सेंट्रल पार्कमध्ये एका तासात तीन इंचांहून अधिक पाऊस. शहरात १३ माणसं गेली. त्यातली ११ तळघरांतल्या खोल्यांत. या खोल्या बहुतेक बेकायदा. नकाशात नाहीत, भाडेपावती नाही, बाहेर पडायला एकच जिना, आणि पाणी त्याच जिन्याने खाली येतं. राहणारे बरेचसे बाहेरून आलेले, शहराची हॉटेलं धुणारे, शहराला जेवण पोहोचवणारे.

शहराला ठाऊक नव्हतं? होतं. पण खोली नोंदवली तर मालकाला दंड आणि भाडेकरू रस्त्यावर. म्हणून कुणीच बोलत नव्हतं. जी खोली कागदावर नाही, तिच्या दारावर इशारा कोण ठोठावणार?

त्यानंतर मात्र राज्याने आणि शहराने मिळून दोन कोटी सत्तर लाख डॉलरचा निधी काढला, खास फेमाकडे जाता न येणाऱ्या स्थलांतरितांसाठी. म्हणजे करता येतं. मनात आणलं तर महिन्याभरात होतं. वाटप संस्थांमार्फत केलं, कारण सरकारी खिडकीपाशी कुणी आलंच नसतं. मला या एका गोष्टीचं फार मोल वाटतं. कुणीतरी बसून विचार केला होता की घाबरलेला माणूस कुठल्या दारात जातो.

केंद्राने उलटा विचार केला. ऑक्टोबर २०२१मध्ये गृहसुरक्षा खात्याने धरपकडीसाठी वर्ज्य ठिकाणांची यादी काढली होती. शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं आणि आपत्तीत मदत वाटली जाते त्या जागा. २० जानेवारी २०२५ला, नव्या कारभाराच्या पहिल्याच दिवशी, ती रद्द झाली.

त्या दिवशी लॉस एंजेलिस जळत होतं. निवारा केंद्रं अजून उघडी होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन राज्यात ऑलिम्पिक द्वीपकल्पावर बेअर गल्च वणवा धुमसत होता, राज्यातला त्या वेळचा सर्वांत मोठा. सीमा गस्ती दलाची माणसं डोंगरावर गेली आणि आग विझवणाऱ्या ठेक्याच्या टोळ्यांतल्या ४४ जणांची ओळख तपासली. दोघांना पकडून नेलं. आग विझवायच्या जागी. उद्या पुढच्या वणव्याला फावडं घेऊन कोण जाणार आहे, हा साधा हिशेब कुणी केला?

राज्यांनाही धमकावून झालं. धरपकडीत सहकार्य करा, नाहीतर आपत्तीचा पैसा विसरा, अशी अट अनुदानाला घातली. ऱ्होड आयलंडमधले संघीय न्यायाधीश विल्यम स्मिथ यांनी सप्टेंबर २०२५मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. पूर काय, वणवा काय, त्यात होरपळणाऱ्या पोराचा आणि त्याच्या राज्याच्या पोलिसी धोरणाचा संबंध तरी काय?

आणि हे सगळं कोण करतंय? ज्या देशाने एकेकाळी आपत्तीलाच कागद मानलं, तोच देश. १९९८मध्ये मिच वादळाने होंडुरास आणि निकाराग्वात हाहाकार केला, हजारो माणसं गेली. अमेरिकेने जानेवारी १९९९मध्ये सांगितलं, या दोन देशांतले जे लोक इथे आहेत त्यांना परत धाडणार नाही, काम करा, राहा. तात्पुरतं म्हणून दिलेलं संरक्षण पंचवीस वर्षांहून जास्त चाललं. त्यांची मुलं तिथे जन्मली, मोठी झाली. कतरिनानंतर न्यू ऑर्लीन्सची छपरं घालायला होंडुरासची माणसं आली, ती आपलं घर वादळात गमावण्याचा अनुभव गाठीला असलेल्या देशाची. जुलै २०२५मध्ये सरकारने ते संरक्षण संपवायचं जाहीर केलं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं तिकडचं, आपल्याला काय त्याचं? ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीय अमृतसरला उतरवले. हातापायांत बेड्या घालून आणले होते. त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. त्यांनी तिकडे एखादा पूर काढला असेल तर कुठल्या माळ्यावर काढला असेल?

आणि इथलं? जून २०२५मध्ये मुंबई परिसरातून बांगलादेशी म्हणून उचलून सीमेपलीकडे ढकललेली काही माणसं पश्चिम बंगालची निघाली. म्हणजे आपलीच. त्यांच्या राज्य सरकारने कागद दाखवले, तेव्हा त्यांना परत आणलं. बातमी दोन दिवसांत विरली. पण मुर्शिदाबादहून येऊन मीरा रोडला प्लास्टर करणारा गवंडी ती विसरला असेल का? येत्या पावसाळ्यात खाडीचं पाणी त्याच्या झोपडीत शिरेल. महापालिका भोंग्यावरून सांगेल, शाळेत या. शाळेच्या दारात खाकी वर्दी असेल. तो काय करेल, हे ह्यूस्टनच्या त्या माणसाने सांगून ठेवलं आहे.

सीमा असावी. कायदा असावा. कोण आत यावं, कोणी जावं, हे देशाने ठरवावं आणि कोर्टात, दिवसाउजेडी, सुनावणी घेऊन ठरवावं. यात माझा कुणाशी वाद नाही. पण पाणी चढत असताना दारात उभं राहून ते ठरवायला घेणं मला मान्य नाही. निवाऱ्याच्या फाटकावर लावायची पाटी सोपी आहे. इथे कागद विचारले जाणार नाहीत. जितक्या भाषा वस्तीत बोलल्या जातात तितक्या भाषांत लिहा, आणि पाऊस सुरू व्हायच्या तीन महिने आधी लावा. आयत्या वेळी दिलेल्या शब्दावर घाबरलेला माणूस विश्वास ठेवत नाही.

२६ जुलै २००५ला कलिन्याच्या आमच्या चाळीत मिठी नदी शिरली होती. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. गॅलरीत कपड्यांच्या दोऱ्यांवर कपडे नव्हते, कागद होते. रेशनकार्डं, दहावीचे दाखले, एलआयसीची पॉलिसी, कुणाचा पासपोर्ट, सगळे चिमट्यांनी टांगलेले. निम्म्यांवरची शाई उतरली होती. खालच्या खोलीतल्या आजोबांचं रेशनकार्ड कोरं झालं होतं, पांढऱ्या पुठ्ठ्यावर फक्त शिक्क्याचा निळसर डाग. आजोबा त्या दोरीखाली खुर्ची टाकून बसले होते.

माळ्यावरून खिचडीचं पातेलं उतरवलं गेलं, तेव्हा पहिली ताटली त्यांना दिली. नाव कुणी विचारलं नाही.